तीनदा बोलणाऱ्या बाई

आम्ही या इमारतीत राहायला आलो आणि पहिल्या काही महिन्यांतच माझ्याविषयीचे शेजाऱ्यांचे मत फार चांगले झाले. त्यासाठी मला काहीही करावे लागले नाही. "देवमाणूस आहे हो बिचारा," समोरच्या काकू जिन्यात कुणाला तरी सांगत होत्या, "ती एवढी बोलते, पण हा कधी एका शब्दाने उलट उत्तर देत नाही." पत्नीविषयीचे मत अर्थातच याच्या उलट होते. ती सरकारी शाळेत शिकवते हे सर्वांना ठाऊक होते. "दिवसभर पोरांवर ओरडायचं आणि उरलंसुरलं घरी आणून नवऱ्यावर ओतायचं," असे काकूंचे निदान होते. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त गृहस्थांनी तर तिचे नावच 'भोंगा' ठेवले होते. त्यामुळे ओघानेच मी 'भोंग्याचे यजमान' झालो. माझे टपाल चुकून त्यांच्या दारात पडले, की ते याच पदवीने वर पाठवीत.

खरे सांगायचे तर पत्नी मला कधीच रागावत नसे. भिंतीपलीकडून ज्याला भांडण समजले जाई, ती बहुधा चहा झाल्याची वर्दी असे. पण ती वर्दी तीनदा दिली जाई. पहिल्यांदा ओट्याकडे तोंड करून, "चहा झालाय." दुसऱ्यांदा बाहेरच्या खोलीकडे वळून, जरा चढ्या आवाजात, "चहा झालाय." आणि तिसऱ्यांदा मी जिथे वर्तमानपत्र घेऊन बसलेला असे त्या गॅलरीच्या रोखाने, पूर्ण आवाजात, "चहा झालाऽऽय!" तिसऱ्या हाकेला मी उठत असे. पहिल्या दोन मला ऐकू येत नसत असे नाही. पण त्या आपल्यासाठी नाहीत, पुढे बसणाऱ्यांसाठी आहेत, अशी माझी समजूत होऊन गेली होती. लग्नाला इतकी वर्षे झाल्यावर मी स्वतःच्याच घरात शेवटच्या बाकावरचा विद्यार्थी झालो होतो, आणि तिथे मला बरे वाटत होते.

हे तीनदा बोलणे कुठून आले, ते तिचा वर्ग पाहिल्यावर कळते. तिच्याकडे तिसरीचा वर्ग आहे. खोली बांधली तेव्हा तीत चाळीस मुले बसतील असा हिशेब असावा; बसत होती सत्तर-पंच्याहत्तर. दोघांच्या बाकावर चौघे, आणि त्यांतल्या कडेच्या दोघांचे एकेक पाऊल कायम बाहेर. बाकांमधून जायचे तर बाईंना आडवे होऊन सरकावे लागे. दार अर्धेच उघडत असे, कारण त्यामागे दप्तरांचा ढीग होता. खिडक्या रस्त्याच्या बाजूला, आणि रस्त्यावर पत्रे कापणाऱ्याचे दुकान. अशा खोलीत एकदा बोललेले वाक्य पहिल्या तीन ओळींपर्यंत पोचे. म्हणून तिने खोलीचे मनातल्या मनात तीन पट्टे पाडले होते आणि प्रत्येक वाक्य प्रत्येक पट्ट्याला वेगळे वाढत असे. एका तासात तिचे शिकवून होई ते वीस मिनिटांचे. बाकीचा वेळ तेच पुन्हा सांगण्यात जाई. एवढे झाल्यावर सगळ्या वर्गाने मिळून ते म्हणायचे. वर्ग एका सुरात म्हणू लागला, की रस्त्यावरचा पत्रेवालासुद्धा हातातले काम थांबवी.

या धंद्याच्या खुणा घरभर होत्या. ती प्रश्न विचारायची तो एकट्याला नव्हे, समूहाला. "भाजीत मीठ ठीक आहे ना?" असे जेवणाच्या टेबलाकडे पाहून विचारी आणि उत्तराची वाट न पाहता पुढच्या विषयाकडे वळे, कारण वर्गात 'होऽऽ' आपोआप येतो. नातेवाईक जमले की ती उंच माणसांना मागच्या रांगेत बसवी. माझ्या थोरल्या मेव्हण्याला तिने एकदा भर मंडळींत, "ए, मागं सरक, मागच्यांना दिसत नाहीये," असे सांगितले आणि तो सरकला. रस्त्यात एखादे मूल "नमस्ते बाई" म्हणाले, तर ती त्याच्याकडे क्षणभर पाहात राही आणि विचारी, "तू कुठल्या बाकावरचा रे?" बाक कळला की तिला मूल कळे. मुलांनी वर्गात जागा बदलल्या की त्या दिवशी तिच्या लेखी त्यांचे नाव, स्वभाव आणि गणितातली प्रगती यांचीही अदलाबदल होई.

एकच व्यक्ती तिच्या आवाजावर बेहद्द खूश होती: माझी आई. आईला कानांनी कमी ऐकू येई. ती गावाहून आली की सांगे, "या घरात सूनबाई एकटीच माणसासारखं बोलते. तू काय ते तोंडातल्या तोंडात पुटपुटतोस, कळत नाही बघ मला." मी एका मोठ्या कार्यालयाच्या पत्रव्यवहार विभागात आहे. तोंडातल्या तोंडात पुटपुटणे हेच माझे काम आहे, फक्त ते कागदावर करावे लागते. कुणाला 'नाही' म्हणायचे असेल, तर ते 'नाही' वाचणाऱ्याला शेवटच्या ओळीपर्यंत लागू नये, आणि लागले तरी दुखू नये, अशी वाक्ये मी तयार करतो. या कलेत माझे नाव आहे. निदान माझ्या विभागात आहे.

मी स्वतः गावच्या शाळेत शिकलो. एकच खोली, एकच गुरुजी, आणि चारही इयत्ता मिळून आम्ही मोजकी डोकी. तिथे मोठ्याने बोलायची गरजच नव्हती. गुरुजी माझ्या पाटीवर न वाकताही सांगत, "पाढा पाठ नाही तुझा, तोंडावरून दिसतंय." लपायला जागाच नसलेली ती शाळा मला तेव्हा मुळीच आवडत नसे. पत्नीला मी हे सांगितले, तेव्हा ती म्हणाली होती, "माझ्या वर्गात तुम्ही सुखात राहिला असतात. वर्षभर कुणी ओळखलं नसतं." मी हे कौतुक समजून हसलो होतो.

मग एका हिवाळ्यात तिचा घसा बसला. आधी खरखर, मग फाटका आवाज, आणि एके दिवशी सकाळी 'चहा' हा शब्दच उमटेना. डॉक्टरांनी घशात दिवा धरून पाहिले आणि विचारले, "काय काम करता?"

तिने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "शिक्षिका आहे ही."

"वर्गात किती मुलं?"

मी आकडा सांगितला. डॉक्टरांनी दिवा बंद केला. "औषध देतो," ते म्हणाले, "पण खरं औषध म्हणजे बोलू नका. निदान दोन आठवडे. घरी राहा."

घरी राहणे शक्य नव्हते. तिच्या जागी उभे राहायला कुणी नव्हतेच. ती नसली तर तो वर्ग बाजूच्या वर्गात बसवला जाई, आणि तिथेही तेवढीच मुले होती. म्हणून ती गळ्याला मफलर गुंडाळून, न बोलता शिकवायला गेली. फळ्यावर लिहायचे, पट्टीने दाखवायचे, आणि वर्गाने एका सुरात वाचायचे. वर्ग इतका तयार झालेला, की बाईंच्या आवाजावाचूनही गाडी सुरळीत चालली. हे पाहून मुख्याध्यापक म्हणे इतके प्रसन्न झाले, की त्यांनी इतर शिक्षकांना दारातून तो वर्ग दाखवला.

या दोन आठवड्यांत एक गोष्ट पहिल्यांदाच घडली. वर्ग वाचत असताना तिला स्वतः ओरडायचे नव्हते. म्हणून ती बाकांमधून आडवी सरकत, वाकून, प्रत्येकाच्या तोंडाजवळ कान नेऊ लागली.

त्यांतल्याच एका संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आवाज थोडा परत आला होता. मी गॅलरीत होतो. ती येऊन समोरच्या स्टुलावर बसली आणि हळू आवाजात, एकदाच म्हणाली, "माझ्या वर्गातल्या एका मुलीला वाचता येत नाही."

मी दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळेची वाट पाहात वर्तमानपत्र तसेच धरून बसलो. ते येईना, तेव्हा कागद खाली ठेवला.

"मधल्या ओळीतली आहे," ती म्हणाली. "वेणीला हिरवी रिबीन. रोज सगळ्यांच्या आधी येते, रोज शेवटपर्यंत असते, कधी त्रास नाही. मला वाटायचं हुशार आहे. आज कान नेला तर काय, प्रत्येक वाक्याचं फक्त शेपूट म्हणत होती. सगळे 'पक्षी आकाशात उडतो' म्हणाले, की ही नुसतं 'डतो'. सगळे 'झाडाखाली बसला' म्हणाले, की ही 'सला'. मी पुस्तकातलं दुसरं पान उघडलं आणि म्हटलं, तू एकटी वाच. तर मला म्हणते काय..."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, 'बाई, सगळ्यांबरोबर येतं मला. एकटीला येत नाही.'"

मी काहीतरी बोलायला हवे होते. मी म्हणालो, "एखादी असायचीच, एवढ्यांत."

"अजून चार ओळींतच कान नेलाय," ती म्हणाली, "आणि सहा सापडलीत. वार्षिक परीक्षा तोंडावर आहे. चौथीत जातील ही. चौथीतही एवढीच गर्दी आहे, आणि तिथेही सगळे मिळूनच म्हणतात. पाचवीत गेल्यावर कुणाला तरी कळेल, आणि तोवर तिला वाटायला लागलेलं असेल की आपल्याला येणारच नाही." मग तिने विचारले, "अहो, तुम्ही अर्ज लिहाल? या तुकडीच्या दोन तुकड्या करून मागायच्यात. दुसरी बाई मागायची. आत्ताच, वर्ष संपायच्या आत."

मला आनंद झाला हे कबूल केले पाहिजे. एवढ्या वर्षांत तिने माझ्या व्यवसायाची मदत पहिल्यांदाच मागितली होती. मी कागद घेतला. "सांग, काय लिहायचं?"

"लिहा: माझ्या वर्गात मुलं फार आहेत. मला ती ओळखता येत नाहीत. कुणाला वाचता येतं आणि कुणाला नाही हे मला माहीत नाही. दुसरी बाई द्या."

मी लेखणी खाली ठेवली. "असं लिहून कसं चालेल?"

"का? खरं आहे."

"खरं आहे म्हणूनच. शिक्षिकेनं स्वतःच्या सहीनं लिहून द्यायचं की मला माझी मुलं ओळखता येत नाहीत? साहेब आधी तुझ्यावरच ताशेरे ओढतील. अर्जात आपल्याकडे कमीपणा येता कामा नये. अडचण अशी मांडायची की ती कुणाचीच चूक वाटू नये."

"बरं," ती म्हणाली, "तुम्हाला कळतं त्यातलं." त्या वेळी हे वाक्यही मी कौतुक म्हणूनच घेतले.

मी दोन दिवस त्या अर्जावर काम केले. कुणाचीच चूक नसलेली अडचण मला लवकरच सापडली: अंतर. खोली लांब आहे, रस्त्याचा आवाज आहे, आणि त्यामुळे 'मागील बाकांवरील विद्यार्थ्यांपर्यंत अध्यापन पुरेशा स्पष्टतेने पोहोचू शकत नाही, ही बाब नम्रपणे निदर्शनास आणण्यात येत आहे.' विद्यार्थिसंख्येचा उल्लेख मी तिसऱ्या परिच्छेदात केला, तोही 'वाढत्या प्रतिसादामुळे' असा. दुसऱ्या शिक्षिकेची मागणी सर्वांत शेवटी आली, 'अथवा योग्य वाटेल ती उपाययोजना' या शब्दांच्या सोबतीला. कारण अधिकाऱ्यांपुढे एकच पर्याय ठेवणे उद्धटपणाचे दिसते. अर्ज वाचून मुख्याध्यापकांनी मला निरोप पाठवला, की इतकी सुंदर भाषा त्यांच्या शाळेतून आजवर कधी बाहेर पडली नव्हती. तो निरोप मी पत्नीला दोनदा वाचून दाखवला. तिसऱ्यांदा वाचणार होतो, पण तिने वह्या तपासायला घेतल्या.

आणि अर्ज लागू पडला. शिक्षण कार्यालयातले साहेब स्वतः पाहणीला आले. पत्नीने सांगितले, की त्यांना वर्गात शिरताच येईना, म्हणून ते अर्ध्या दारातूनच बोलले. मागच्या बाकांकडे पाहून त्यांनी मोठ्याने विचारले, "काय रे, तुम्हाला बाईंचं ऐकू येतं का?"

सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "होऽऽ!"

साहेबांच्या कपाळावर आठी पडली. "मी फक्त मागच्यांना विचारतोय. नीट ऐकू येत नाही ना?"

"नाऽऽही!" सगळा वर्ग तितक्याच उत्साहाने म्हणाला.

साहेब समाधानाने वळले. "अर्जातला मुद्दा बरोबर आहे," ते मुख्याध्यापकांना म्हणाले. पत्नीने त्यांना थांबवून हिरव्या रिबिनीच्या मुलीबद्दल सांगायचा प्रयत्न केला. तिचा आवाज अजून पूर्ण भरला नव्हता, बाहेर पत्रा कापणे चालू होते, आणि साहेब म्हणाले, "हो हो, तेच. तुमचा आवाज पोचत नाहीये, दिसतंच आहे. करू काहीतरी लवकर."

आणि त्यांनी खरोखरच लवकर केले. इतक्या लवकर की माझ्या कार्यालयात कुणाला ते खरे वाटले नसते. परीक्षा सुरू व्हायच्या आतच शाळेने मला समारंभाचे बोलावणे पाठवले. "आपल्या अर्जामुळे हे शक्य झाले, तेव्हा आपण पाहिजेच," असा मुख्याध्यापकांचा आग्रह होता. मी इस्त्रीचा सदरा घातला. जिन्यात काकू भेटल्या. "काय हो, कुठे एवढे?" त्यांनी विचारले. मी शक्य तितक्या सहज स्वरात सांगितले, "हिच्या शाळेत. माझं एक छोटंसं काम मार्गी लागलंय."

वर्गात माझ्यासाठी साहेबांच्या शेजारची खुर्ची ठेवली होती. ती ठेवायला जागा व्हावी म्हणून पहिल्या बाकावरची मुले फळ्याखाली जमिनीवर बसवली होती. दुसरी बाई कुठे दिसेना. मी दाराकडे पाहात होतो. ती मागाहून येईल, तिचे स्वागत होईल, असे मला वाटत होते. मग फळ्याच्या वर माझे लक्ष गेले. तिथे दोन नवे खिळे होते, आणि त्या खिळ्यांवर एक राखाडी रंगाचा भोंगा. त्याची तार टेबलापर्यंत आली होती आणि टेबलावर एक माईक उभा होता.

मुख्याध्यापकांनी भाषण केले. या शाळेला असे उपकरण मिळणे हा पहिलाच मान असल्याचे सांगितले, आणि अर्ज लिहिणाऱ्या सद्गृहस्थांचा उल्लेख केला. साहेबांनी माझ्याकडे वळून मान झुकवली. मीही झुकवली. सवय असते. तंत्रज्ञ पुढे आला, त्याने माईकवर टिचकी मारली आणि म्हणाला, "एक, दोन, तीन."

वर्गाने लगेच सुरू केले, "चार! पाच! सहा! सात!" आणि मुले एकोणतीसपर्यंत जाऊन पोचली तेव्हा कुठे मुख्याध्यापकांना ती थांबवता आली. साहेब हसून म्हणाले, "बघा, शेवटच्या बाकापर्यंत पोचतंय."

मी मधल्या ओळीत हिरवी रिबीन शोधली. ती होती. 'एकोणतीस' म्हणतानाचे तिचे तोंड मी पाहिले. ओठ शेवटाला हलले. ते मला दिसले, कारण आता मला काय पाहायचे हे माहीत होते. पत्नी माझ्याकडे बघत नव्हती. ती माईककडे बघत होती, आणि मी मात्र आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची एखादी वाक्यरचना खिळ्याला टांगलेली पाहात होतो.

पुढचे आधीच सांगून टाकतो. त्या तुकडीच्या दोन तुकड्या झाल्या. लगेच नव्हे, पण सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा दुसऱ्या बाई आल्या होत्या. हे आपल्या पाठपुराव्याने झाले असे मुख्याध्यापक सांगतात, आपल्या अहवालाने झाले असे साहेब सांगतात, आणि दोन-तीन ठिकाणी मीही माझ्या अर्जाचे नाव घेतले आहे. पत्नीने त्या मुलीला आणि तिच्यासारख्या आणखी काहींना मुद्दाम तिसरीतच ठेवून घेतले, त्यावरून पालकांची बोलणी खाल्ली, आणि छोट्या तुकडीत त्यांना पहिल्या ओळीत बसवले. ती मुलगी आता ओळीखाली बोट धरून वाचते. हळू वाचते, पण एकटी वाचते. घरात चहाची वर्दी हल्ली एकदाच येते आणि ती बहुधा माझ्याकडून हुकते. समोरच्या काकूंना काळजी लागून राहिली आहे, की आम्ही एकमेकांशी बोलेनासे झालो आहोत.

पण हे सगळे नंतरचे. त्या दिवशी साहेबांनी माईक उचलून पत्नीच्या हातात दिला आणि म्हणाले, "घ्या बाई. आता घसा दुखवायचं कारण नाही. दोन शब्द बोला." मी खुर्चीत जरा सावरून बसलो, कारण आता आभार मानले जाणार आणि त्यांत माझाही उल्लेख येणार, अशी माझी अजूनही अपेक्षा होती. पत्नीने माईक तोंडाजवळ नेला, मग पुन्हा खाली धरला, तंत्रज्ञाला खूण करून बंद करायला लावला आणि टेबलावर ठेवून दिला. आणि मग घरात मला चहाला हाक मारावी त्या आवाजात, पण एकदाच, साहेबांना म्हणाली:

"माझं या मुलांना ऐकू येतंय साहेब, पत्रेवाल्यालासुद्धा येतंय. मला यांचं ऐकू येत नाही. त्याला काय आणलंत?"